उसना डावा हात

"काय गं हे? परत डाव्या हातानं जेवायलीस?"

आईच्या, अव्वाच्या, हातावरची भाकरी तव्यावर पडायची ती हातावरच राहिली. गिरिजानं मान वर केली नाही. डाव्या हाताच्या तीन बोटांत तुकडा धरून ती वरणाशी झटत होती. तुकडा भिजला, अर्ध्या वाटेवर घसरला आणि ताटाबाहेर पडला. तिनं तो उचलला, तोही डाव्याच हातानं.

"डॉक्टर आहेस म्हणून बोलत नाही," असं म्हणून अव्वा बोलतच राहिली. "जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांचे डावे हात उजवे केले मी. कुणाला रागावून, कुणाच्या मनगटाला रुमाल बांधून. आणि माझ्याच घरात हे उलटं शास्त्र! लोक काय म्हणतील?"

"घरात लोक कुठायत, अव्वा?"

"मी आहे की."

"तू रोज सकाळी पूजेला इष्टलिंग कुठल्या हातावर घेतेस? डाव्याच ना?"

अव्वा भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "ते देवाचं झालं. डाव्या हातावर देव बसतो, काम उजवा करतो."

गिरिजा हसली. तिनं पुढचा तुकडा मोडला. दात डाव्या हातानं घासायचे, वेणी डाव्या हातानं घालायची, कुलूप डाव्या हातानं उघडायचं आणि संध्याकाळी रबराच्या कातडीवर डाव्या हातानं टाके घालत बसायचं, असा तिचा नेम चालला होता. एम. एस. झालेली, हातात सर्जनची पदवी असलेली मुलगी लहान लेकरासारखी आपल्याच हाताला वळण लावत होती.

कारण करपल्लवीची समजूत होती, की गिरिजा बिराजदार डावरी आहे.

करपल्लवी म्हणजे कळमवेसच्या रुग्णालयातलं शस्त्रक्रियेचं यंत्र. चार सडपातळ हात, प्रत्येक हाताच्या टोकाला करंगळीएवढी पकड आणि वर एक न मिटणारा डोळा. अशी यंत्रं आता बहुतेक तालुक्यांना आली होती. हर्निया असो, अपेंडिक्स असो, पित्ताचे खडे असोत; बाहेर नातेवाइकांचा चहा निवायच्या आत काम आटोपलेलं असे. तिचा हात थरथरत नाही, तिला झोप येत नाही, ती घरून भांडून येत नाही. लोक आधी घाबरले, मग सरावले, आणि पुढे पुढे तर "माणसाच्या हातानं नको हं, यंत्रानंच करा," म्हणू लागले.

पण यंत्राला एक खोड होती आणि त्या खोडीवरच सर्जनांची भाकरी होती. करपल्लवी शिकली होती ती लाखो शस्त्रक्रिया पाहून. प्रत्येक हालचालीआधी ती स्वतःला विचारी, मला कितपत खात्री आहे? खात्री पुरेशी असेतोवर सुरी चाले. एखाद्या पोटात जुन्या जखमेनं आतडी चिकटलेली निघाली, नस भलत्या जागी सापडली, रक्तानं तिचा डोळा झाकला, की खात्री उणावे. मग ती थांबे आणि काम माणसाच्या हाती देई. कायदाच तसा होता. यंत्र असं थांबतंय तोवर शेजारी सर्जन उभा नसेल तर त्यानं सुरी उचलायची नाही.

हे सोपवणं दोन-चार श्वासांत व्हावं लागे. रक्त वाहत असताना माणूस सुई कुठाय नि दोरा कुठाय करत बसला, तर रोगी हातचा जायचा. म्हणून प्रत्येक यंत्राची एका माणसाशी जोडी लावलेली असे. शिकत असतानाच मुलांच्या हातात पातळ मोजे चढवत आणि त्यांना गाठी मारायला, टाके घालायला लावत. बोटांचा दाब, मनगटाचा बाक, सुई फिरवण्याची लय, सगळं मोजे टिपून घेत. याला हातनोंद म्हणत. यंत्र थांबे तेव्हा त्या नोंदीबरहुकूम सारं मांडून ठेवी. सुई त्या माणसाच्या पकडीला येईल अशी, दोरा तो ओढेल त्या दिशेला, आपले पोलादी हात त्याच्या आड येणार नाहीत असे. जावेनं जावेच्या हाताजोगता स्वयंपाक मांडून ठेवावा आणि स्वतः चुलीपासून उठावं, तसं.

एका यंत्राला एक माणूस. म्हणजे तालुक्याला एक सर्जन. गिरिजाच्या तुकडीतल्या दोघांनाच असं जोडसर्जनचं पद मिळालं. बाकीचे कुणी टकलांवर केस रोवायला दुबईला गेले, कुणी विमा कंपनीत दुसऱ्यांच्या ऑपरेशनांवर शेरे मारत बसले. ज्यांना पद मिळालं त्यांचंही टिकेना. माणसानं यंत्रादेखत एखादी अवघड जागा नीट सोडवली, की जोडीचं यंत्र ती शिकून घेई आणि पुढच्या वेळी तिथं थांबतच नसे. शेजारच्या जिल्ह्यांत पदं एकेक करून मिटत चालली होती.

कळमवेसचं पद तेवढं टिकून होतं. इथं करपल्लवीला शिकताच येत नव्हतं. ती मांडून ठेवी डावऱ्या हातासाठी आणि पुढं येई उजवी बाई. गिरिजा टेबलाला वळसा घाली, सुई काढून उलटी लावी, मनगट वाकडंतिकडं करून कसंबसं निभावून नेई. हात जुळला, तर यंत्राच्या माथ्यावरचा दिवा हिरवा होतो, असं शिकवलेलं होतं. गिरिजानं तो पिवळाच पाहिला होता. शेवटी पडद्यावर ओळ उमटे, 'नोंद शिकण्याजोगी नाही.'

आजवर सोपवलेली कामं किरकोळ होती, म्हणून भागलं. पण हा वळसा एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल, हे तिला कळत होतं. आणि हा वळसा आहे म्हणूनच महिन्याचा पगार आहे, हेही.

एकदा थोरात सिस्टरनं सहज विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही डावऱ्या ना? मग चहाचा कप उजव्या हातात कसा?"

तेव्हापासून चहाही डाव्या हाती गेला.

*

यंत्राला ठाऊक असलेला तो डावा हात व्यंकटेश केंद्रेचा होता.

व्यंकटेश तिच्याच तुकडीतला. बुटका, बडबड्या आणि मुलींसारख्या लहान हातांचा. हातनोंदीच्या आठवड्यात गिरिजाचे वडील सोलापूरला शेवटच्या दुखण्यात होते. ती त्यांच्या उशाशी बसून होती. वसतिगृहात एकमेकांची हजेरी लावणं हा काही उपकार नव्हता. ती रीतच होती. आज तू माझी लाव, उद्या मी तुझी. नोंदीच्या खोलीत चेहरा पाहणारं कुणी नव्हतं, मोजे फक्त बोटं ओळखायला शिकत होते. व्यंकटेशनं आपली नोंद केली आणि मग गिरिजाचे मोजे चढवून तिचीही केली. फोन करून म्हणाला, "बिराजदार, तुझी हजेरी लागली. अप्पांकडे बघ तू."

अप्पा गेले. दिवसपाणी उरकून ती परतली तेव्हा निकाल लागलेला. गिरिजा बिराजदार, हात असामान्य. व्यंकटेश केंद्रे, हात समाधानकारक. पदं या शेऱ्यांवरच मिळायची.

तिला वाटलं, सांगून टाकावं. आज नको, उद्या सांगू. मग नेमणुकीचा आदेश आला. मग अव्वा म्हणाली, "तुझ्या अप्पांनी वरून दिलं बघ." त्या वाक्यानंतर तोंड उघडायचं राहूनच गेलं. उद्या-उद्या म्हणत पाप मुरतं, लोणच्यासारखं.

*

मार्गशीर्षात यंत्राच्या कंपनीकडून फर्मान आलं. कळमवेसची जोडी शिकत का नाही, ते पाहायचं होतं. डॉक्टरांनी हातनोंद नव्यानं करून द्यावी. गिरिजा त्याच दिवशी दुपारी लातूरच्या गाडीत बसली.

लातूरच्या रस्त्यांवर डोक्यावरच्या फलकांतून गुणवंत पोरांचे चेहरे हसत होते. सगळे भावी डॉक्टर. व्यंकटेशचा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा शिकवणीवर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. जिना चढताना तिला आतून शंभरेक पोरांच्या सुरातली ओवी ऐकू आली.

*डाव्या कुशीत माझ्या, पानथरी निजली,*
*बरगडीनं झाकली, लेक जशी.*

"शाबास!" व्यंकटेशचा आवाज. "पानथरी म्हणजे?"

"प्लीहा, सर!"

"काम काय?"

"जुनं रक्त गाळणं, सर!"

"आणि फुटली तर?"

पोरं वह्या चाळू लागली.

"फुटली तर डॉक्टरला बोलवायचं, गाढवांनो. त्यासाठीच तुम्ही होणार ना डॉक्टर?" पोरं खदखदून हसली. दारात गिरिजा दिसली तसा त्याच्या हातातला खडू थांबला. खडू डाव्या हातात होता.

खाली टपरीवर त्यानं फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला दोन बशा मागवला. त्यावर लिंबू पिळत म्हणाला, "बोल. कसे आहेत माझे हात? जेवतात ना वेळेवर?"

असलं तो नेहमी हसतच बोले, आणि तेच तिला झोंबे. "व्यंक्या, तू पोरांना सांगतोस का रे, पुढं काय वाढून ठेवलंय ते?"

"सांगितलं तर फी कोण भरेल? तुझा यंत्रावर पगार, माझा स्वप्नांवर. तू काय मागायला आलीस ते सांग. नुसतं भेटायला तू यायची नाहीस."

ती एका दमात म्हणाली, "नोंद परत करायची आहे. माझा हात पाहिला तर सगळं उघडं पडेल. तू… अजून एकदा हजेरी लावशील?"

शेजारच्या बाकावर कुणीतरी मोबाइलवर भांडत होतं. व्यंकटेशनं चमच्यानं शेंगदाणे एका बाजूला सारले.

"लावीन की," तो म्हणाला.

नाही म्हणाला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्या इतक्या सोप्या होकारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एक विचारू, व्यंक्या? तेव्हा तुझ्या नावावर तू उजव्या हातानं का केलंस? डाव्यानं केलं असतंस, तर आज तू तिथं असतास."

"पहिलीत बाईंनी डावा हात रुमालानं बांधला. कॉलेजात सरांनी पट्टीनं बोटं शेकली, म्हणाले, सगळे कात्री-चिमटे उजव्यांचे, तुझ्यासाठी थिएटर उलटं करू का? तेव्हा माझ्या नावावर हिंमत झाली नाही, गिरजे. तुझ्या नावावर झाली. म्हटलं, ही नोंद काही आपली नाही, वाटेल तसं करू." तो हसला, या वेळी खराखुरा. "सांगू का, त्या दिवशी जेवढी मजा आली तेवढी आयुष्यात आली नाही. सुई अशी पळत होती, जशी घराकडं निघालेली गाय."

परतीच्या गाडीत गिरिजानं उजवा हात पदराखाली झाकून घेतला. कुणी बघत नव्हतं, तरी.

*

दिवस तिनं हेरूनच निवडला, येळवसचा. त्या अमावस्येला लातूरकडचं सगळं माणूस शेतात असतं. गावं ओस, बाजार बंद, शाळा-क्लासला सुट्टी. कडब्याच्या कोपीत पांडव मांडायचे, भज्जी-भाकरी खायची आणि मडक्यातलं गार आंबील प्यायचं. रुग्णालयात भूलतज्ज्ञ डॉ. फड, थोरात सिस्टर आणि ती, एवढेच उरले होते.

अव्वा डबा घेऊन आली. व्यंकटेशला गिरिजानं "माझा मित्र, सुट्टीचा आलाय" म्हणून पुढं केला. तो पंगतीला बसावं तसा बाकावर मांडी घालून बसला आणि डाव्या हातानं भज्जीचा घास तोंडात घातला. अव्वाची नजर त्या हातावर खिळली.

"लहानपणी कुणी सांगितलं नाही, बाळा?" अव्वानं हळूच विचारलं.

"सांगितलं की, काकू. रुमाल बांधून सांगितलं."

अव्वानं वाकून त्याच्या ताटात आणखी भज्जी वाढली, आंबिलाचा पेला त्याच्या डाव्या बाजूला सरकवला आणि भांडी आवरताना स्वतःशीच गुणगुणली,

*उजव्या हाताचं गं, गावभर नाव,*
*डाव्या हाताला ठाव, ओझं सारं.*

ती गेल्यावर व्यंकटेश थिएटरशेजारच्या खोलीत शिरला आणि त्यानं गिरिजाचे मोजे चढवले. नोंद नुकती सुरू झाली होती, तेवढ्यात फाटकाशी ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला.

द्वारका माने. मांडीवर आंबिलाचं मडकं घेऊन शेताकडं निघालेली बाई, ट्रॉलीतून बांधावर पडली होती. अंगावर सांडलेलं आंबील अजून वाळलेलंही नव्हतं. ओठ पांढरे पडलेले, पोट ताठ. बरोबरचा दीर एवढंच म्हणत होता, "सकाळी मस्करी करत होती हो, आता बोलंना झाली."

"पानथरी फुटलीय," डॉ. फड तपासून म्हणाले. "लातूरला पाठवायला वेळ नाही. आत घ्या."

करपल्लवीनं काम सुरू केलं. पोट उघडलं, साचलेलं रक्त शोषून काढलं, पोलादी बोटं डाव्या बरगडीखाली शिरली. आणि अडली. जुन्या कुठल्याशा आजारानं पानथरी भोवतीच्या पडद्यांना घट्ट चिकटून बसली होती. करपल्लवीनं एक पदर सोडवला, दुसरा सोडवताना खालून रक्ताचा लोंढा आला आणि यंत्राचा डोळा झाकला गेला. तिनं अंदाजानं मुख्य नस एका पकडीत धरली. मग तो शांत, बाईसारखा आवाज आला.

"खात्री अपुरी. डॉ. गिरिजा, काम आपल्या हाती."

तीन हात मागे सरले. नीडल होल्डरमध्ये सुई लावलेली, दोरा मोकळा सोडलेला, वाट रोग्याच्या डाव्या अंगानं मोकळी. सगळं डाव्या हातासाठी. दिवा पिवळा.

या वेळी गिरिजानं वळसा घातला नाही. वळशाला वेळच नव्हता. मांडून ठेवलेल्या जागी ती उभी राहिली आणि तिनं डावा हात आत घातला. घरी वरणात तुकडा बुडवणारा हात. सुई गेली, पण दोन अंगुळं अलीकडं. परत घातली, नाजूक पडदा फाटला आणि रक्त उसळून वर आलं.

"प्रेशर पडायलंय," डॉ. फड म्हणाले. "मॅडम, लवकर."

यंत्राची पकड नसेवरून निसटली. गिरिजानं नीडल होल्डर टाकला, उजवा हात आत खुपसला आणि आंधळेपणानं ती नस मुठीत आवळली. रक्त थांबलं. पण मूठ म्हणजे टाका नव्हे. मूठ सोडली की बाई संपली.

शेजारची खोली दहा पावलांवर. हाक मारली, तर पद गेलं, नाव गेलं. नाही मारली तर?

"व्यंकट!" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "व्यंकट, ये!"

"ते कोण?" सिस्टर दचकल्या.

"सर्जन आहे तो. गाऊन द्या त्याला. सिस्टर, देव तुमचं भलं करो, आधी गाऊन द्या!"

व्यंकटेश आला. हात धुवून, गाऊन चढवून गिरिजाच्या बाजूला उभा राहिला. पोटात एकदाच पाहिलं, मग वर यंत्राकडं. मास्कआडून पुटपुटला, "गिरजे, ही शिकेल हं. मग तुझं पदही नाही नि मलाही कधी कुठलं…"

"माहितेय."

"बघ हं."

"बाई टेबलावर आहे, व्यंक्या."

त्यानं डावा हात पुढं केला. नीडल होल्डर त्याच्या बोटांत असा बसला, जणू कधी सुटलाच नव्हता. गिरिजाच्या उजव्या मुठीखालून त्याची बोटं आत सरकली. आणि यंत्राच्या माथ्यावरचा दिवा हिरवा झाला.

"डॉ. गिरिजा," करपल्लवी म्हणाली, "हात जुळला."

ते शब्द गिरिजाच्या पाठीवर वळ उठवत गेले. थोरात सिस्टरनं तिच्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. सुई निघाली. घराकडं निघालेल्या गाईसारखी, न चुकता, न थांबता. टाका बसला, गाठ बसली. व्यंकटेश हलकेच म्हणाला, "सोड आता मूठ." तिनं सोडली. रक्त आलं नाही. यंत्राचे तीन हात पुन्हा पुढं आले आणि त्याच्या हाताच्या आगेमागे असे चालू लागले, जसं जात्यावर समोरासमोर बसून दोघींनी खुंटा धरावा.

पडद्यावर ओळ उमटली, 'नोंद शिकण्याजोगी. शिकून झाली.'

*

दुसऱ्या दिवशी गिरिजानं कंपनीच्या अभियंता बाईंना फोन लावून सगळं सांगितलं. हजेरी, मोजे, डावा हात, सगळं. सांगून ती शिक्षेची वाट बघत थांबली.

"बरं झालं सांगितलंत," पलीकडून हसरा आवाज आला. "आम्ही कोड्यातच होतो. आता खरा हात मिळाला आणि तुमच्या आधीच्या सगळ्या फसलेल्या नोंदींचा अर्थ लागला. यंत्राला कळलं, तुम्ही काय करू पाहत होतात आणि काय करायला हवं होतं. अशी चुकीची नि बरोबर जोडी सहसा मिळत नाही हो. मोठीच मदत झाली."

"पण ते हात माझे नाहीत. निदान त्याचं नाव तरी लावा."

"आम्हाला हात हवा होता, मॅडम. नाव आता सगळ्या यंत्रांत गेलंय. गिरिजा-वळण म्हणतात त्याला. छान आहे की!"

जिल्ह्याच्या साहेबांपुढं ती उभी राहिली, तर त्यांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "चौकशी लावली तर तुम्हालाही त्रास, आम्हालाही. बाई वाचली ना? पद तसंही मार्चअखेर मिटतंय. झाकली मूठ राहू द्या."

कुणी रागावलं नाही. अव्वासुद्धा. अव्वा सगळं ऐकून भिंतीकडं तोंड करून बसली आणि म्हणाली, "मी किती पोरांचे हात बांधले असतील गं?"

गिरिजानं लातूरला फोन केला. "व्यंक्या, तू तरी शिवी दे."

"कशाला? हजेरी मी लावली होती." पुढं तो म्हणाला, "देशभरच्या यंत्रांत माझा डावा हात चालतोय, गिरजे. सर्जनची नोकरी तेवढी मला कुठंच नाही." आणि हसला. ते हसू तिला शिवीहून लागलं.

*

हुरड्याचे दिवस आले. द्वारकाबाईचा निरोपावर निरोप. टाके काढून घ्यायला आली तेव्हा थोरात सिस्टरनं तिच्या कानावर काय ते घातलं होतं. "त्या दादालाबी आणा," तिनं बजावलं.

माळावरच्या शेतात गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कणसं भाजत होती. धुराला गोड वास होता. द्वारकाबाई अजून वाकून चालत होती, पण तोंड पूर्वीसारखं चालू झालं होतं. "माझ्या डाव्या कुशीत कुणाचा हात शिरला, ते मला कळाया नको? नवऱ्यानं इचारलं तर काय सांगू?" आसपासच्या बाया हसल्या, व्यंकटेश लाजून लाल झाला.

तिनं धगधगीत कणीस तळहातांत चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला. हिरवे, टपोरे, वाफाळते दाणे. "धर दादा."

व्यंकटेशनं शिकवल्याप्रमाणे उजवा हात पुढं केला.

"तो नव्हं," द्वारकाबाई म्हणाली. "ज्यानं केलंस तो."

असं कुणी देत नाही, कुणी घेत नाही. व्यंकटेशनं हळूहळू डावा हात पुढं केला. द्वारकाबाईनं ओंजळ त्यात रिती केली. त्यानं मान दुसरीकडं वळवली, धूर डोळ्यांत गेल्यासारखी.

"आता तुमी, डॉक्टरीणबाई."

गिरिजाचा डावा हात आपसूक पुढं गेला. इतक्या दिवसांचा सराव. तिनं तो चटकन मागं घेतला.

"उजव्यात द्या हिला," व्यंकटेश म्हणाला. "हिनं नस दाबून धरली होती. धरली नसती, तर मी येऊन काय केलं असतं?"

द्वारकाबाईनं आगटीतून नवं कणीस काढलं, चोळलं आणि दाणे तिच्या उजव्या तळहातावर ओतले. धग चर्रकन लागली. याच मुठीत तिनं एका बाईचा जीव धरला होता, हे खरं. आणि याच मुठीत, त्याआधी कितीतरी दिवस, तिनं त्याची जागा धरून ठेवली होती. मूठ एकच होती.

"अगं, गरम हाय, जरा फुकून!" द्वारकाबाई ओरडली. "हात पोळंल की!"

गिरिजानं मूठ मिटली, आणि चटका हाडापर्यंत उतरेतो ती उघडली नाही.